मदत हवी आहे: आत्याच्या ओठात फीतकृमीची अळी निघाली

नमस्कार मंडळी. तासगावच्या आमच्या आत्याला खालच्या ओठात आतून हरभऱ्याएवढी गाठ होती. दुखायची नाही, बोटाखाली सरकायची. सगळे म्हणाले, लाळेची गाठ असेल. सांगलीत डॉक्टरांनी काढून बायोप्सीला पाठवली तर रिपोर्ट सिस्टिसरकोसिस, म्हणजे डुकरातल्या फीतकृमीची (टेपवर्म, पट्टीसारखा जंत) अळी. आत्या माळकरी, अंडंसुद्धा खात नाही! डॉक्टर म्हणाले, अर्धकच्च्या मांसातून पोटात जंत होतो. अशी गाठ मात्र जंताच्या अंड्यांमुळे होते, आणि ती माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, कच्च्या भाजीत येतात. रानातला मुळा नुसता झटकून खायची सवय तिला आहेच.

आता मेंदूचा एमआरआय आणि डोळे तपासल्याशिवाय अल्बेंडाझोल (जंताचं औषध) द्यायचं नाही म्हणतात, कारण मेंदूत अळी असली तर ती मरताना सूज येऊन झटके येऊ शकतात. आत्याचं म्हणणं, गाठ गेली, विषय संपला. तिला कसं पटवू?

कुणाच्या घरी असं झालंय का? मिरजेत याचा अनुभव असलेले न्यूरोचे डॉक्टर सुचवा. एमआरआयला साधारण किती खर्च येतो? घरातल्या बाकीच्यांची शौच तपासणी केलीत का? मेडिकलमधून गोळी आणून द्या, असले सल्ले कृपया नकोत.