मदत हवी आहे: घरीच आरी वर्क, ११ महिन्यांचं बाळ आणि चार तास येणाऱ्या मावशी

पुण्यात घरूनच लग्नाच्या ब्लाउजांवर आरी वर्क, म्हणजे आकडीच्या सुईने भरतकाम, करते. बाळाला सांभाळायला मावशी १० ते २ येतात. फार मायेच्या आहेत, त्यांना बदलायचं नाही. पण माझी चाहूल लागली की बाळ रांगत दाराशी येतं आणि रडतं, मला सुई टाकून उठावंच लागतं. दार लावून पाहिलं. रात्री जागून पाहिलं, पण दिव्याखाली जरदोसीच्या, म्हणजे जरीच्या तारेच्या, छटा नीट कळत नाहीत. परवा त्याच्या मुठीत कटदाण्याचा मणी सापडला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. जवळचं पाळणाघर दीड वर्षाआधी घेत नाही, आई-सासूबाई दोघी गावी. तुळशीच्या लग्नानंतर ऑर्डरी वाढतील. मावशींचे तास वाढवू, की त्याच पैशात शेजारच्या इमारतीत कामापुरती खोली भाड्याने घेऊ? खोली घेतलेल्यांनो, तुमचं बाळ किती दिवसांत रुळलं?