मदत हवी आहे: दुधाची ॲलर्जी, ओरल इम्युनोथेरपीचा रोजचा डोस कसा बसवता?

नमस्कार मंडळी,

लेक सात वर्षांची, दुसरीत. गाईच्या दुधाची ॲलर्जी तान्ही असल्यापासून. (लॅक्टोज न पचण्याचा प्रकार नव्हे. त्यामुळे ए-टू, शेळीचं, म्हशीचं दूध कृपया सुचवू नका. त्यातली प्रथिनंही बरीचशी तशीच असतात.) बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते, हिची अजून हलत नाही. केकमध्ये भाजलेलं दूधसुद्धा चालत नाही. केसीनचा (दुधातल्या मुख्य प्रथिनाचा) ॲलर्जी रिपोर्ट चढाच. मागे एका वाढदिवसाला पनीरचा तुकडा पोटात गेला. ओठ सुजले, उलट्या, छातीत घरघर. ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) द्यावं लागलं.

आता डॉक्टरांनी ओरल इम्युनोथेरपी सुचवली आहे. पातळ केलेल्या दुधाच्या अगदी थोड्या डोसपासून सुरुवात, प्रत्येक वाढीव डोस दवाखान्यात, मधल्या काळात तोच डोस रोज घरी. सासूबाई लगेच, "मी काय वेगळं सांगत होते? थोडं थोडं पाजलं की सवय होते!" आता त्यांना सिरिंजवरच्या रेघा समजावतेय.

ॲलर्जी कायमची जाईलच असं नाही, डोस बंद केला तर मिळालेली सहनशक्ती जाऊही शकते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. चुकून थोडं पोटात गेलं तर निभावलं पाहिजे, एवढं झालं तरी मला पुष्कळ आहे. घोडं अडलंय वेळापत्रकात. डोस रिकाम्या पोटी नको, नंतर दोनेक तास पळापळ नको, लगेच झोप नको. शाळेची बस पावणेसातला, संध्याकाळी स्केटिंग. तुम्ही कधी देता? तापात काय करता? ॲड्रेनालिनचं पेन (ठरलेला डोस आधीच भरलेलं इंजेक्शन) आपल्याकडे सहज मिळत नाही, मग शाळेत काय ठेवता?

प्रतिसाद:

आमच्या मुलाचं चालू आहे. खेळून आला की जरा दम खाऊन वरणभात, मग दूध, मग गृहपाठ. गरम पाण्याची अंघोळ डोसच्या आधीच उरकतो. स्केटिंग उशिरा संपत असेल तर बॅच बदला, डोस झोपेच्या तोंडावर ढकलू नका. ताप आला किंवा डोस चुकला तर किती द्यायचा हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर घ्या. आपल्या मनाने पुन्हा पूर्ण डोस नको. दमा असेल तर तो आधी आटोक्यात हवा. घास अडकतो म्हणाली किंवा पोट वारंवार दुखलं तर लगेच कळवा, अन्ननलिकेला सूज येऊ शकते. शाळेत ॲड्रेनालिनची ॲम्प्युल (काचेची छोटी कुपी), सिरिंज आणि वजनानुसार डोस लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी एकाच डब्यात ठेवलीय. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं द्यायचं ते आम्ही दोघं आणि शाळेची नर्स दवाखान्यात जाऊन शिकलो. तुमच्या शाळेत नर्स आहे का?