शताधिपती नेमका कुणाचा?

ल्यूके कोमे या तांबड्या समुद्रावरच्या प्राचीन बंदरात जकात घेणारा शताधिपती (रोमन सैन्यातला शंभरेक सैनिकांवरचा हुद्दा) होता, म्हणजे बंदर रोमच्या ताब्यात होतं, असं काहींचं म्हणणं; ते मला पटलं नाही. 'पेरिप्लस'च्या (इ.स. पहिल्या शतकातला ग्रीक सागरी व्यापाराचा, आपल्या पैठण-तेरचा उल्लेख करणारा तोच ग्रंथ) ज्या उताऱ्यात हा शताधिपती येतो, त्याच उताऱ्यात इथून पेट्राला, म्हणजे नबाती या अरब राज्याच्या राजधानीला, राजा मलिखसकडे वाट जाते असंही लिहिलंय. शिवाय हा हुद्दा नबाती सैन्यानेही उचलला होता. हेग्राच्या (आजच्या सौदीतलं नबाती शहर) थडग्यांवरच्या नबाती लेखांत तो चक्क कोरलेला आहे. त्यामुळे जकात म्हणून घेतलेला मालाचा चौथा हिस्सा, म्हणजे तब्बल २५ टक्के, पेट्राच्याच तिजोरीत जात असावा असं माझं मत.

त्याआधी, इ.स.पू. २५च्या सुमारास, इजिप्तचा रोमन सुभेदार एलियस गॅलस अरबस्तानच्या मोहिमेत दहा हजारांची फौज घेऊन ल्यूके कोमेलाच उतरला होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की चौदा दिवसांच्या प्रवासात त्याने बरीच जहाजं गमावली, आणि तोंडाच्या नि पायांच्या दुखण्याने सैन्याला उन्हाळा-हिवाळा इथेच काढावा लागला. खापर अर्थातच नबाती वाटाड्या सिलेयसवर!

ल्यूके कोमे आज नेमकं कुठे म्हणाल तर सौदी किनाऱ्यावरच्या ऐनूनाचा दावा जुना आहे, तिथे पोलिश-सौदी उत्खननही झालंय. काही अभ्यासक मात्र बरंच दक्षिणेला, अल-वज्हकडे बोट दाखवतात.