पोळल्याच्या वणासाठी सिलिकॉन शीट घेऊ की प्रेशर स्लीव्ह? (बजेट ४ हजार)

ओवीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी साडेचार वर्षांची आहे. ७ आठवड्यांपूर्वी तिने ओट्यावरचं चहाचं पातेलं ओढलं आणि उकळता चहा उजव्या हातावर, कोपराच्या वरपासून मनगटापर्यंत. शेजारच्या काकूंनी धावत येऊन टूथपेस्ट फासली, मीही इतकी घाबरले होते की अडवलं नाही. जखम पूर्ण भरायला २६ दिवस लागले. आता कोपराच्या आतल्या बाजूला वण दोरीसारखा वर आलाय, लालभडक, बोटाने दाबला की पांढरा पडतो आणि सोडला की परत लाल. रात्री खाजवून खाजवून रडते. डॉक्टर म्हणाले सिलिकॉन शीट (वणावर चिकटवायची मऊ पट्टी) किंवा मापाची प्रेशर स्लीव्ह (वण दाबून ठेवणारी घट्ट बाही), दोन्ही घेतलं तर उत्तम. माझं सगळं मिळून बजेट ४ हजार, त्याच्यावर आत्ता जमणार नाही. नाशिकला असतो. आधी काय घेऊ? कोणी लहान मुलाला वापरलंय का?

रानवारा
थेट लेझर करा. मला बाईकच्या सायलेन्सरने पोटरीवर चांगला हाताएवढा डाग पडला होता, फ्रॅक्शनल सीओटू लेझरची ५ सिटिंग घेतली, एका सिटिंगचे ८ हजार, पण आज हाफ पँट घालून फिरतो. शीट वगैरेमध्ये पैसे घालवू नका.

ओवीची_आई
दादा, एकूण ४ हजार आहेत माझ्याकडे.

दादरची_माई
अगं बाळाला फार त्रास झाला असेल. आमच्याकडे भाजलं की मध लावायचे, वर गावठी तूप. माझ्या धाकट्या दिराचा अख्खा पंजा पोळला होता, आज शोधून डाग सापडत नाही. मध लाव तू.

सोलापूरकर_७१
माई, मधाचं खरं आहे आणि ते आमच्याच गावचं आहे. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १०४ पेशंटवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावायचं नेहमीचं मलम) अशी तुलना केली, १९९१ मध्ये ब्रिटिश सर्जरीच्या जर्नलमध्ये छापून आली, मधाच्या जखमा लवकर भरल्या होत्या. पण ते ताज्या जखमेसाठी, आणि तेही हॉस्पिटलच्या देखरेखीत. ओवीची जखम भरून महिना होत आला. मिटलेल्या वणावर मध लावून फक्त मुंग्या येतील.

भटक्या_विनू
टूथपेस्ट कोणी लावली त्यांना समजवा आधी. पाणी! नळाखाली २० मिनिटं! बर्फ नाही, पेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही.

दादरची_माई
हळदीला नावं ठेवू नका. पिढ्यान्पिढ्या लावतोय.

भटक्या_विनू
माई, हळद लावल्यावर जखम किती खोल आहे ते डॉक्टरला दिसतच नाही. माझ्या भाच्याची हळद काढताना त्याला पुन्हा भाजल्याएवढं दुखलं, मी धरून बसलो होतो त्याला, अजून आठवतंय. आणि पाणी तीन तासांच्या आत ओतलं तरी फायदा होतो, म्हणजे उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नाही.

जर्सी_सिटीची_पल्लवी
इथे सगळे व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावतात. मी सिझेरियनच्या टाक्यांवर लावलं. कोणी भारतात येत असेल तर पाठवते.

त्वचेचा_विद्यार्थी
पल्लवीताई, व्हिटॅमिन ईने वण सुधारल्याचा पुरावा नाही, उलट बऱ्याच जणांना पुरळ येतं. लहान मुलीला नको.
वण कसे भरतात यावर माझी पीएचडी चालू आहे म्हणून थोडं लांबण लावतो. नॉर्मल कातडीत कोलॅजनचे धागे टोपलीसारखे विणलेले असतात, वणात ते एकाच दिशेने जुड्या बांधल्यासारखे पडतात, म्हणून तो कडक लागतो. जखम ३ आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळली की वर आलेला वण होण्याची शक्यता खूप वाढते, तुमचे २६ दिवस झाले म्हणून हे अपेक्षितच होतं, तुमची चूक धरू नका. हा वण जखमेच्या हद्दीतच राहिला तर हायपरट्रॉफिक, हद्द ओलांडून पसरला तर कीलॉइड. पहिला प्रकार वर्ष-दीड वर्षात बराचसा बसतो. गर्भातलं बाळ सुरुवातीच्या महिन्यांत वणाशिवाय भरून येतं, तेच मोठ्यांमध्ये जमवायचा प्रयत्न जगभर चाललाय. मँचेस्टरमधल्या कंपनीचं इंजेक्शन २०११ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये पडलं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी डोळ्यांसाठी वापरायचं एक औषध उंदरांच्या जखमेत दिलं तर तिथे केस आणि ग्रंथीसकट कातडी परत आली. माणसांसाठी बाजारात असं काहीही नाही, त्यामुळे कुठल्याही जाहिरातीतल्या 'वण गायब' क्रीमवर चार पैसेही घालवू नका.

सोलापूरकर_७१
मुंबईच्या वाडिया हॉस्पिटलात डॉ. केसवानींनी १९८५ च्या सुमारास उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून भाजलेल्या पोरांना ड्रेसिंग केलं होतं, खर्च नगण्य. हे अवांतर आहे पण आपल्याकडच्या संशोधनाचं कोणी नाव घेत नाही म्हणून लिहिलं.

मृणाल_ठाणे
माझ्या मुलाला शीट वापरली, पायावर आमटी सांडली होती. शीटच घ्या. दिवसाचे निदान १२ तास, ३ ते ६ महिने. रोज साबणाने धुवून वाळवायची, परत चिकटते. तो मात्र सोलून फ्रिजला चिकटवायचा, दोनदा तर शाळेत हरवून आला. पण वण खरंच मऊ झाला.

नाना_इंदूर
शीट घ्या. आमच्या सुनेनेही शीटच घेतली होती.

ओटी_वैशाली
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बर्न्स वॉर्डमध्ये १४ वर्षं. ओवीची आई, तुम्हाला कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते. हात पूर्ण सरळ होतो का? दोन्ही हात समोर धरायला सांगा आणि बाजूने बघा. कोपराच्या खळीतला वण आखडला की हात वाकडा राहतो, तो दिसण्यापेक्षा मोठा प्रश्न आहे, मूल वाढतं आणि वण त्याच्याबरोबर वाढत नाही.

ओवीची_आई
ताई आत्ता बघितलं. डावा सरळ आहे, उजवा थोडा वाकलेला राहतो. मला वाटत होतं दुखतं म्हणून धरते.

ओटी_वैशाली
मग याच आठवड्यात दाखवा. रात्री घालायला कोपर सरळ ठेवणारं स्प्लिंट लागेल, सरकारी हॉस्पिटलच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) विभागात विचारा, बाहेरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. दिवसातून चार-पाच वेळा खोबरेल लावून अंगठ्याने दाबून गोल मालिश, दाबताना वण पांढरा पडला पाहिजे, आणि मग हात हळूहळू ताणायचा. यातच खाजही कमी होते. नखं कापा, खाजेचं औषध मात्र डॉक्टरांनाच विचारून. तुमच्या बजेटमध्ये मी म्हणेन स्प्लिंट पहिलं, मग शीट, स्लीव्ह शेवटी. स्लीव्ह दिवसाचे २३ तास लागते, २-३ महिन्यांत सैल पडते आणि मूल वाढलं की नवीन माप.

रानवारा
लेझरचं पण विचारून घ्या ताईंना.

ओटी_वैशाली
लेझर नंतरही करता येतं. आखडलेला सांधा नंतर सोडवायला ऑपरेशन लागतं.

मृणाल_ठाणे
+१. आणि शीटच.

ओवीची_आई
अपडेट देते. सगळ्यांचे मनापासून आभार, वैशालीताई तुमचे तर फारच, कारण मी नुसता लाल रंग बघत बसले होते आणि हात वाकतोय हे माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.
सरकारी ओटीत स्प्लिंट करून मिळालं. गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करून तिच्या हातावरच घडवला, ती घाबरली कारण गरम पाण्याची वाफ दिसली, मग त्या मॅडमनी आधी बाहुलीच्या हाताला तुकडा बांधून दाखवला तेव्हा तयार झाली.
शीट नाही घेतली. बहुतेक सगळ्यांनी शीट सांगितली हे कळतंय, पण मैत्रिणीकडचा नवा, न वापरलेला तुकडा चार दिवस लावून बघितला तर घामाने खाली बारीक पुरळ आलं, आणि ती सारखी सोलते. पुरळ गेल्यावर स्लीव्ह शिवायला टाकली, जांभळी, रंग तिने निवडला. २४०० लागले. तीन महिन्यांनी सैल पडेल माहीत आहे, उरलेले पैसे तेव्हासाठी बाजूला ठेवलेत.

ओटी_वैशाली
मी शीट आधी घेतली असती. पण तिने अंगावर ठेवली तीच खरी. पुरळ परत आलं तर स्लीव्ह काढून दाखवा. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर माप घट्ट झालंय.

ओवीची_आई
हो. दर रविवारी तिला दाराच्या चौकटीला टेकवून हात सरळ करायला लावते आणि फोटो काढते. पहिल्या रविवारी कोपर आणि चौकट यांच्यात माझी चार बोटं जात होती. काल तीन गेली.