घरच्यांचे काम धर्मग्रामाने केले, असे कधी घडले? – अनुभव धागा

कुटुंब म्हणजे जणू घरातले चर्च, असे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटले आणि लग्नाच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) आपण ते नेहमी ऐकतो. या धाग्यात मला दुसऱ्या बाजूचे, म्हणजे चर्चच कुटुंब झाल्याचे, अनुभव हवे आहेत. जे काम रक्ताच्या माणसाने करायचे, ते धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चशी जोडलेल्या स्थानिक ख्रिस्ती समाजातल्या, कोणी तुमच्यासाठी केले आहे का? जिथे धर्मग्राम कमी पडला, तेही मोकळेपणाने लिहावे. सुरुवात मी करते.

बाबा जुलैतल्या एका रात्री गेले, तेव्हा माझा एकुलता एक भाऊ परदेशात होता आणि आम्हा मायलेकींना पुढे काय करायचे ते सुचत नव्हते. पहाटेपर्यंत आमच्या लघु ख्रिस्ती समूहातली (एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमणाऱ्या शेजारच्या कुटुंबांतली) माणसे घरात आली होती. कोणी ओटीवरचे सामान हलवले, कोणी फादरांना निरोप दिला, कोणी चहाचे आधण ठेवले. बाबांना लग्नातला कोट घालायचा होता, पण तो त्यांना केव्हाच घट्ट झाला होता. शेजारच्या मावशींनी कोट मांडीवर घेतला, पाठीची शिवण वरपासून खालपर्यंत अलगद उसवली आणि दोन्ही बाजूंनी तो असा बसवला की समोरून पाहणाऱ्याला काही कळू नये. हे काम खरे तर मुलीचे होते, पण माझे हात थरथरत होते. बांधाच्या वादावरून ज्यांच्याशी बाबांचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते, ते गृहस्थही खांदा द्यायला पुढे झाले आणि सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या घरी रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) येत राहिले.

वसईहून कुवेतला गेलेले एक वाचक
इथे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे रविवारची मिस्साही आम्ही शुक्रवारी करतो. मुलीच्या बाप्तिस्म्याला गावाहून कोणी येऊ शकले नाही. धर्ममाता (बाप्तिस्म्यात मुलीच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी) झाली ती आमच्या इमारतीतली मंगळूरची परिचारिका. तिची मातृभाषा कोकणी, आणि वाचन-लेखन सारे कन्नड लिपीत. मुलीने प्रार्थना आपल्या घरच्या भाषेत शिकावी म्हणून तिने ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ माझ्या पत्नीकडून शब्दाशब्दाने ऐकून कन्नड अक्षरांत उतरवून घेतली, रात्रपाळीच्या आधी पाठ केली आणि मुलीला झोपवताना म्हणू लागली. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

विरारच्या एक वाचक
माझा अनुभव कडू आहे. पती हिंदू आहेत. बिशपांची रीतसर परवानगी घेऊन आमचा विवाह चर्चमध्ये झाला. तरी आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामात दोन वर्षे समूहाची प्रार्थना आमच्या घरी कधी ठेवली गेली नाही. यादीत आमच्या आधीचे घर असे आणि नंतरचे घर असे. चर्चने परवानगी दिली होती, माणसांनी दिली नव्हती, आणि ज्याला आपण कुटुंब म्हणतो त्याच्याकडून हे अधिक लागते. घर बदलल्यावर नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात प्रार्थनेची पाळी आमच्याकडे आली. पतीने स्वतः सतरंज्या घातल्या आणि सर्वांच्या मागे बसून शेवटपर्यंत ऐकले.

नंदाखालचे एक ज्येष्ठ वाचक
माझ्या पत्नीला विस्मरणाचा आजार आहे. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि आज मुलांची नावे विसरलेली माझी पत्नी ती लॅटिन उत्तरे मात्र विसरलेली नाही. फादर मराठीत ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हणतात आणि ती मोठ्याने ‘एत कुम स्पिरितु तुओ’ (‘आणि तुझ्या आत्म्याबरोबर’) म्हणते. पहिल्या रविवारी मला संकोच वाटला. मी तिचा हात दाबला. पुढच्या बाकावरच्या एका तरुण मुलीने मागे वळून पाहिले. तिने मिस्सेनंतर येऊन पत्नीला ते शब्द पुन्हा म्हणायला लावले आणि स्वतःही म्हणून पाहिले. आता ती आमच्याच बाकावर बसते, दर रविवारी दोघी मिळून लॅटिनमध्ये उत्तर देतात आणि माझे गुडघे दुखत असले तर तीच पत्नीला हाताला धरून कोमुन्योसाठी (पवित्र भाकर घेण्यासाठी) वेदीपर्यंत नेऊन आणते.