पगार किती ते नको, महिनाअखेरीला हातात काय राहतं ते सांगा

चटणीवाली
काल डंकावर वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, कुटायला गेलो होतो. नंबर अकरावा, ऊन मरणाचं, मिरचीच्या खाटानं सगळ्या शिंकताहेत. पुढच्या मावशी शेजारणीला विचारत होत्या, ल्योक पुण्यात असतोय न्हवं, किती पगार? ती म्हणाली पंचावन्न. पहिली जरा गप बसली आणि मग म्हणाली, "आणि राहतंय किती?" तर ती म्हणे, "ह्या म्हैन्यात मीच दोन हजार पाठवले बघ." सगळा डंक हसला.
मला मात्र २००६ आठवलं. पुण्यात कॉट बेसिसवर होतो, पगार सहा हजार, कॉटचे आठशे, मेस तेराशे, बाकी बस आणि चपला. आई एसटीतनं ओळखीच्या कुणाकडं तरी चटणीचा स्टीलचा डबा द्यायची आणि दुसऱ्या दिवशी फोन. चटणी कशी झालीया हे नाही विचारायची. डबा परत पाठव, एवढंच. शेवटच्या आठवड्यात मेसला सुट्टी सांगून चटणी, तेल आणि पाव.
आता भाच्याला दोन ऑफर आल्यात. पुण्याला हिंजवडीत हातात ४२ हजार, इथं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात २३. घरात रोज रात्री जेवताना भांडण, भाजी गार व्हालीया. म्हणून विचारतो, आपापल्या शहराचं सांगा की. भाडं, पाणी, दूध, शाळा, सगळं.

फेज_तीनची_रांग
पुणे, वाकड. दोघं नोकरीला, मिळून हातात १ लाख ३५. आकडा ऐकून गावाकडचे लोक लग्नात आहेराचं पाकीट जाड असेल समजतात. टूबीएचके भाडं ३१, मेंटेनन्स वेगळा, उन्हाळ्यात टँकरचे म्हणून सोसायटी आणखी काढते. पाळणाघर ११, शाळा आणि शाळेची बस, स्वयंपाकाच्या मावशी (त्यांना सोडलं तर आमचं लग्न मोडेल), गाडीचा हप्ता. गेल्या महिन्यात ९ हजार उरले तेही एका लग्नाला गेलो नाही म्हणून.

नुस्ता_वाचक
मेस तेराशे??? स्क्रीनशॉट काढून बायकोला पाठवला.

शिरोली_पाळी_दुसरी
मी सांगतो. फौंड्रीत सुपरवायझर, हातात २४. गाव करवीर तालुक्यातच, गाडीवरनं वीस मिनिटं. घर आजोबांनी बांधलेलं, तांदूळ घरचा, दोन म्हशी हाईत, गोकुळ संघाचं दुधाचं बिल दहा दिवसाला येतंय ते आईच्या खात्यावर. थोडा ऊस. बायको शिलाई करती, लाडक्या बहिणीचे १५०० येतात ते तिच्या भिशीला, त्याला हात लावायची माझी टाप न्हाई. भाऊ ठाण्यात ७० घेतोय, दिवाळीला कार घेऊन येतोय आणि परत जाताना टाकी मी भरून देतोय. खोटं वाटत असंल तर त्याला विचारा, तो पण हितं वाचतोय.

ठाण्याचा_भाऊ
एकदाच भरलीस टाकी. गेल्या वर्षी.

शिरोली_पाळी_दुसरी
आणि तांदळाचं पोतं??

ठाण्याचा_भाऊ
बरं बाबा.

डोंबिवली_फास्ट
जन्म कसबा बावड्यातला, आता डोंबिवली. वनबीएचके स्वतःचं, म्हणजे बँकेचं, हप्ता २६. मुंबईत प्रवास स्वस्त आहे हे खरं, लोकलच्या पासाएवढं स्वस्त काही नाही, पण रोजचे जाऊन येऊन तीन तास कुठल्या कॉलममध्ये लिहायचे ते सांगा. मुलगा झोपलेला असतो तेव्हा निघतो आणि झोपतो तेव्हा येतो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी कोल्हापूर स्टेशनला उतरलं की रिक्षावाला "कुठं जायाचं भावा" म्हणतो, तिथंच निम्मं टेन्शन जातं. बाकी हिशोब नंतर लिहितो, कुर्ला आलं.

पुणेरी_नाही_पण_पुण्यात
चटणीवाली ताई का दादा? आयडी ताईचा आणि "गेलो होतो".

चटणीवाली
आमच्यात बायका जातो, येतो, खातोच म्हणतात. माझी आजी पण "मी आंघोळ करून आलो" म्हणायची.

तांबडा_रस्सा
कोल्हापुरात येऊन बायकोला "मी आले, मी गेले" बोलायला लावा, लगेच विचारतील पाहुण्या कुठल्या.

नांदेडचा_पाव्हणा
इथं सगळे आजोबांच्या घरात बसून हिशोब सांगायलेत. माझे आजोबा नांदेडात. मी कागल एमआयडीसीत, २६ हातात, कोल्हापुरात भाडं ९ हजार, डिपॉझिट ५० हजार उसने घेऊन दिले. तांदूळ विकत, दूध विकत, लेकराला सांभाळायला घरचं कोणी नाही म्हणून बायकोची नोकरी सुटली, तिला तिकडं १४ होते. वर्षातून दोनदा गावाकडं, रात्रभराचा प्रवास, एसटीत बायकोचं अर्धं तिकीट झालंय तेवढंच बरं. महिन्याला हजार दीड हजार राहतेत, कधी तेही नाही. म्हणजे स्वस्त नेमकं काय आहे, कोल्हापूर का तुमचे आजोबा?

शिरोली_पाळी_दुसरी
मुद्दा बरोबर हाय दादा. भाडं धरलं तर माझं पण गणित मोडतंय. रविवारी घरला या जेवायला, कागलास्नं लांब न्हाई.

नांदेडचा_पाव्हणा
येतो की. मटण असेल तर नक्की.

महागाई_भत्ता
केंद्राच्या नोकरीत आहे, तीन बदल्या झाल्यात म्हणून सांगतो. सरकारनं हे गणित आधीच करून ठेवलंय. घरभाडे भत्त्यासाठी मुंबई आणि पुणे एक्स गटात, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नागपूर, नाशिक, नांदेड वगैरे वाय, राहिलेली झेड. जानेवारी २०२४ ला महागाई भत्ता ५० टक्के झाला तेव्हापासून बेसिकच्या ३०, २० आणि १० टक्के. बेसिक ५० हजार धरा, मुंबईला १५ हजार मिळतात आणि त्यात कल्याणच्याही पुढं जावं लागतं. कोल्हापूरला १० हजार, त्यात माझा राजारामपुरीच्या मागं टूबीएचके बसतो. म्हणजे कागदावर माझा पगार ५ हजारांनी कमी झाला आणि घर एका खोलीनं वाढलं.
दुसरं, पाव्हण्यांच्या मुद्द्यावर. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशात शहरी भागात माणशी महिन्याला ६४५९ रुपये आले होते, चौघांचं घर म्हणजे २६ हजारांच्या आत. वाचून आमच्या ऑफिसात सगळे हसले. पण त्यात स्वतःच्या घराचं भाडं धरतच नाहीत. जो भाडं भरतो त्याला तो आकडा कुठल्या तरी दुसऱ्याच देशातला वाटणार.

तांबडा_रस्सा
सांगली आणि कोल्हापूर एकाच गटात? निषेध.

कृष्णाकाठ
आमचाही.

संत्रा_बर्फी
नागपूर. भाडं १४, मनीष नगर. तुम्ही लोक पाण्याचं रडून राहिले, आमच्याकडे एप्रिल मे चं वीजबिल पहा. कूलर दोन, एसी एक, दर वर्षी कूलरच्या ताट्या बदला, टिल्लू पंप बदला. एका बिलात तुमच्या कोल्हापूरचं भाडं निघते. बाकी नागपूर स्वस्तच आहे, खाणं स्वस्त, रस्ते मोठे, पण नवऱ्याच्या कंपनीत जो पुण्याहून बदलून येते त्याचा पगार जास्त आणि इथलाच लागलेला असन तर कमी, काम सेम. हे काहून असते कोणी सांगा.

शेंगाचटणी
सोलापूर. आई विड्या वळायची. हजाराच्या हिशोबानं पैसे. पानं भिजवायची, कातरायची, रात्री अकरापर्यंत वळायची, सकाळी कारखान्यात देऊन यायची, त्यातली काही खराब म्हणून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. आम्ही तिघं भावंडं शिकलो. आता मी पुण्यात, ६२ हातात, आणि आई म्हणते इकडं ज्वारी विकत आणून भाकरी खातोय मग पुण्यात कशाला. तिला पुण्याला आणलं होतं, चार दिवस राहिली. नळाला रोज पाणी येतंय बघून तिनं घरातली सगळी पातेली भरून ठेवली. सोलापूरला दिवसाआड नाही हो, चार चार दिवसांनी यायचं, सवयच तशी. मी ओरडलो तिला. आज हे वाचून तेच आठवलं.

चटणीवाली
❤ फोन करा आईंना.

शेंगाचटणी
केला. ज्वारीचा भाव सांगत बसली.

कुंभारगल्ली_२०१९
कोल्हापुरात घर बघताना भाडं शेजारच्या गल्लीपेक्षा दोन हजारांनी कमी असलं तर विचारा का. आम्ही नाही विचारलं. शाहूपुरीत खालच्या अंगाला घर, २०१८ ला राहायला आलो, २०१९ ऑगस्टला पाणी खिडकीपर्यंत. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, मुलीची पुस्तकं. नवीन घेतलं. २०२१ जुलैला परत. ह्या वेळी फ्रिज माळ्यावर चढवला होता, गाद्या राहिल्या. दोन्हीचं मिळून पावणेदोन लाख गेले, आता वाचवलेल्या भाड्यात भागा कुणीतरी. सध्या पाचगावला चढावर राहतो, पूर नाही.

पेन्शनर_आबा
कोल्हापूरला काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं. ते येणार हे ऐकत माझी अर्धी नोकरी झाली. पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगितले. शुभ सकाळ.

काळा_कोट
कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं तेव्हापासून आमच्या पक्षकारांचा मुंबईचा खर्च वाचला, एक तारीख म्हणजे जाणं येणं, लॉज, जेवण, आणि तारीख पुढं पडली की परत तेच. सावंतवाडीचा माणूस पण आता इथं येतो. पण आमच्या घरमालकानं तेच कारण सांगून भाडं दीड हजारानं वाढवलं. म्हणाला, वकीलसाहेब आता हायकोर्ट दारात आलंय.

तांबडा_रस्सा
ह्या सगळ्यात कोल्हापूरच्या घरखर्चातला मेन खर्च कुणी लिहिलाच न्हाई. २०१९ ला मटणाचा दर वाढला तर गल्लीगल्लीत आंदोलन, कृती समिती, बैठका. पेट्रोल वाढलं तेव्हा कुणी घराबाहेर पडलं न्हाई. आमच्या घरात महिन्याचं बजेट आई रविवारपासनं उलटं करते, चार रविवार का पाच ते आधी बघणार. पाच रविवारचा महिना म्हणजे लाईट बिल पुढच्या महिन्यात.

फेज_तीनची_रांग
😂😂 आमच्याकडं मुलं पनीर मागतात, मेलो.

भाचा_नंबर_दोन
मावशी मीच तो भाचा. इथं सगळ्यांनी वाचून झालं असलं तर सांगतो, २३ वाल्यांनी पीएफ कापून २० होतील असं आज कळवलंय. आणि हिंजवडीवाल्यांनी तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून सांगितलंय. घरून म्हणजे कोल्हापूरच्या घरून चालतंय का विचारलं तर हसले फोनवर.

चटणीवाली
जेवताना सांगायचं की हे! आईला ठाऊक हाय?

भाचा_नंबर_दोन
नाही. तुम्हीच सांगा, मला भाजी गरम पाहिजे आज.

नांदेडचा_पाव्हणा
भावा, २० मध्ये घरी राहणार असशील तर विचार कर, भाड्यानं राहणार असशील तर विचार पण करू नको.

डोंबिवली_फास्ट
आलो परत, हिशोब लिहायचा होता पण वरचं वाचून लिहावासा वाटेना. ताई, चटणी किती किलो केली?

चटणीवाली
पाच किलो मिरचीची. खोबरं जरा जास्त घातलंय ह्या वर्षी, कोथिंबीर वाळवून. घरात खाणारी मोजकीच, पण डंकाला गेलं की कमी करवत नाही.

फेज_तीनची_रांग
कुरिअर कराल का? पैसे पाठवते, पत्ता देते. इथं पाकिटातली आणतो, नुसता रंग.

चटणीवाली
कुरिअर नको, तेल सुटतंय. वाकडला कुणी ना कुणी जातंयच आमच्या गल्लीतनं, द्यायला सांगतो. डबा तेवढा परत पाठवा.