कोर्टातली शपथ आता बंद करा

कूपमंडूक:
साक्षीदार पिंजऱ्यात चढतो. कारकून एका दमात 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही' असं पुटपुटतो. साक्षीदार मान हलवतो आणि सरतपासणी सुरू होते. हा प्रकार आता बंद करावा, असं माझं मत आहे. देव आहे की नाही या वादात मला पडायचं नाही. कायद्यालाच या शपथेची गरज उरलेली नाही, एवढंच म्हणणं आहे.

शपथ अधिनियम, 1969 काढून बघा. कलम 7 म्हणतं, शपथ द्यायची राहिली किंवा देताना काही चुकलं तरी कामकाज रद्द होत नाही आणि पुरावाही बाद होत नाही. कलम 8 नुसार न्यायालयापुढे साक्ष देणारा प्रत्येक जण खरं सांगायला बांधील असतो. त्यात शपथेची अटच नाही. मग हा मंत्र कोणासाठी म्हणायचा?

(गीतेवर हात ठेवण्याचा विषय कृपया काढू नका, ते सिनेमात. गंगाजल आणि कुराणावरची सक्तीची शपथ कंपनी सरकारनेच 1840 च्या पाचव्या कायद्यात काढली. लोकांच्या मनाला ती पटत नाही आणि न्यायदानात अडथळा येतो, असं कारण त्या कायद्यातच दिलं होतं.)

दिवाणी_फौजदारी:
साफ असहमत. कलम 7 ही शपथ न देण्याची मुभा नव्हे, चुकून राहिली तर खटला कोसळू नये म्हणून केलेली सोय आहे. 1952 चा रामेश्वर विरुद्ध राजस्थान हा निकाल वाचा. आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला होता आणि तिची साक्ष शपथेविना नोंदवली गेली. तेवढ्यावर ती बाद करा, असा आरोपीचा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्या वेळी 1873 चा शपथ कायदा होता, त्यातही असंच कलम होतं. तिथे ही सोय कामाला आली. तिचा आधार घेऊन शपथच काढा म्हणणं मला तरी पटत नाही.

आणि तुम्ही उलटतपासणी कधी बघितली आहे का? साक्षीदार गडबडायला लागला की वकील फक्त विचारतो, 'तुम्ही हे शपथेवर सांगताय ना?' या प्रश्नाने भले भले सावरून बोलायला लागतात.

कूपमंडूक:
वकीलसाहेब, 'खोटं सांगितलं तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते' असं विचारा की! आणखी सावरून बोलतील. भारतीय न्याय संहितेचं कलम 227 बघा (जुन्या भारतीय दंड संहितेचं 191). शपथेने *किंवा* कायद्याच्या स्पष्ट तरतुदीने खरं बोलायला बांधील असलेला माणूस खोटं बोलला, तर तो गुन्हा. 'किंवा' आहे तिथे. शपथ काढली तरी शिक्षा जागेवरच राहते.

कृष्णाकाठ:
शिक्षा जागेवर आहे, पण होते कोणाला? आमच्या गावात बांधाच्या भांडणात कोर्टात बेधडक खोटं बोललेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्याच एकाला भावकीने म्हटलं, चल देवळात, बेलभंडार उचल. गडी दोन दिवस गावातच दिसला नाही!

म्हणजे शपथ चालते. फक्त सरकारने ती इतकी पातळ केली की तिची कोणाला भीती उरली नाही. माझं मत मंडूकरावांच्या बरोबर उलट: ज्याला जी शपथ लागू पडते ती घेऊ द्या.

दिवाणी_फौजदारी:
ताई, हे आपल्याकडे करून झालंय. 1873 च्या कायद्यात कलम 8 ते 11 अशीच होती. एक पक्ष म्हणायचा, समोरच्याने अमुक पद्धतीने शपथ घेऊन सांगितलं तर मला मान्य. समोरचा तयार झाला आणि त्याने तशी शपथ घेतली, की तो जे सांगेल तो त्या बाबतीत निर्णायक पुरावा. त्यावर पुढे वादच नाही! 1969 मध्ये ही कलमं गेली आणि गेली ते उत्तम झालं. निर्ढावलेला माणूस एका शपथेत जमीन घेऊन जायचा आणि पापभीरू माणूस, खरं बोलत असूनही, शपथ नको म्हणून हरायचा.

त्यातली एक अट मात्र मला अजून आवडते. शपथेचा परिणाम तिसऱ्या माणसावर होईल असं रूप चालणार नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणाऱ्यांना तेव्हाच दार बंद होतं.

कृष्णाकाठ:
निर्णायक पुरावा माना असं मी कुठे म्हटलं? शपथ त्याची त्याला घेऊ द्या, उलटतपासणी तुम्ही खुशाल करा.

नास्तिक_नाना:
इथे सगळे देवाचं गृहीत धरून चाललेत. 1969 च्या कायद्याच्या कलम 5 प्रमाणे शपथेऐवजी, देवाचं नाव न घेता, गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. पण विचारतो कोण? एका दिवाणी दाव्यात मी साक्षीला गेलो होतो. 'मला दृढकथन करायचंय' म्हटल्यावर कारकून माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी आत्ताच खोटं बोललोय. न्यायाधीशांनी शांतपणे होकार दिला म्हणून निभावलं. शपथ ठेवायची असेल तर ठेवा, पण आधी दोन्ही पर्याय विचारा.

थेम्सकाठ:
नाना, या हक्कासाठी इकडे इंग्लंडमध्ये एकाला सहा वर्षं झगडावं लागलं. चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये नॉर्थहॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आला. नास्तिक असल्याने त्याने प्रतिज्ञा करू द्या म्हटलं, ते नाकारलं. मग शपथ घेतो म्हणाला, तर नास्तिकाची शपथ कसली म्हणून तीही नाकारली! मध्ये त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडूनही झालं. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. अखेर 1886 मध्ये तो सभागृहात बसला आणि 1888 मध्ये प्रतिज्ञेचा पर्याय देणारा कायदा करून घेतला. हाच ब्रॅडलॉ 1889 च्या मुंबई काँग्रेसला आला होता.

धाग्याच्या मूळ मुद्द्यावर: 2013 मध्ये इथल्या मॅजिस्ट्रेटांच्या संघटनेपुढे बायबलवरची शपथ काढून सर्वांना एकच प्रतिज्ञा द्यावी, असा ठराव आला होता. तो सदस्यांनीच फेटाळला. रोज साक्षी ऐकणाऱ्यांना शपथ हवी होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

कूपमंडूक:
रोज ऐकणाऱ्यांना सवयीचं तेच हवं असतं, त्यात नवल काय? एक सांगा. आरोपीचा जबाब न्यायालय नोंदवतं तेव्हा त्याला शपथ देत नाहीत. 12 वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं कर्तव्य कळत असेल पण शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, तर शपथेविना साक्ष चालते. दोघांचं म्हणणं न्यायाधीश तोलून बघतातच ना? मग बाकीच्यांचं का नाही तोलता येणार?

दिवाणी_फौजदारी:
आरोपीला शपथ देत नाहीत कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती घटनेच्या कलम 20(3) ने करता येत नाही. बचावाचा साक्षीदार म्हणून तो स्वतःहून उभा राहिला, तर त्यालाही शपथ आहे. आणि मुलाचा अपवाद त्याच्या वयासाठी आहे. चाळिशीतला साक्षीदार तो कसा मागणार?

खोटी साक्ष थांबवायची तर शपथेच्या मागे लागू नका, नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 379 च्या मागे लागा. खोट्या साक्षीची तक्रार न्यायालयानेच करावी लागते. हरलेल्या पक्षकाराला त्यासाठी थेट खटला भरता येत नाही, तो फक्त अर्ज करू शकतो. हाताखाली शेकड्याने प्रकरणं तुंबलेली असताना कोणता न्यायाधीश आपल्याच कोर्टातून आणखी एक प्रकरण उभं करेल? साक्षीदारांना हे पक्कं माहीत असतं.

कृष्णाकाठ:
म्हणजे तुमच्याच तोंडून आलं, कायद्याची भीती नाही. म्हणून तर म्हणते, बेलभंडार आणा!

कूपमंडूक:
ताई, तुमच्या गावचा तो गडी तिसऱ्या दिवशी परत आला का? आणि बांध शेवटी कोणाकडे गेला?

कृष्णाकाठ:
परत आला. दावा अजून चालू आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची.